फुकट गाण्यांचा पंचनामा

देवळाली कॅम्प
शुक्रवार, ९ फेब्रुवारी २००७

प्रिय निकिता,

किशोरचा कॉम्प्युटर आणि त्याच्या जप्त झालेल्या सीडी परत मिळवायच्या असतील तर अर्ज येत्या सोमवारी द्यावा लागेल. त्यानंतर मुदत नाही. हे आज सकाळी त्याच्या वकील रोशनी गावित यांनी सांगितलं, आणि दुपारी मी स्वतः कोर्टात जाऊन तिथल्या कारकुनाकडून खात्री करून घेतली. सगळी नोकरी बातम्यांच्या टेबलावर गेल्यामुळे एकाच तोंडचं ऐकून गप्प बसणं मला जमत नाही, हे तुला ठाऊक आहे. आज मात्र त्या कारकुनाने रोशनीला चुकीचं ठरवलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. त्याने कॅलेंडरकडे बघून मान हलवली आणि सोमवारवर बोट ठेवलं.

नाशिकच्या द्वारका चौकातल्या किशोरचं काय झालं हे तुझ्या सासरी सटाण्यापर्यंत पोचलंय की नाही, मला कळायला मार्ग नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. सव्वीस जानेवारीनंतरच्या रविवारी त्याच्या इंटरनेटच्या दुकानात पोलीस आले. बरोबर मुंबईच्या एका गाण्यांच्या कंपनीचा माणूस होता. कॉपी केलेल्या सीडी विकल्या जातात अशी तक्रार होती आणि त्या रांगेतल्या आणखी दोन दुकानांतही ते गेले. तिथे सिनेमाच्या गाण्यांची पोती निघाली म्हणतात. किशोरकडे सिनेमाचं एकही गाणं निघालं नाही. पंचनाम्याची प्रत मी वाचली आहे, शब्द न् शब्द. त्यात लिहिलंय, ‘अनोळखी इंग्रजी गाण्यांच्या सीडी’. त्यातल्या बहुतेकांत गाणंच नाही, नुसतं वाजवणं आहे, पण पंचनामा लिहिणाऱ्याने त्या लावून थोड्याच पाहिल्या असणार! साहेबांनी बिल मागितलं. कुठून आणल्या, कोणाकडून घेतल्या, पावती काढ. किशोर म्हणाला, “साहेब, चोरीचा माल असता तर मी बिल बी बनवून ठेवलं असतं. हे लोकांनी दिलेलं हाय. दिलेल्याचं बिल कुठून आणू?” यावर कंपनीचा माणूस हसला आणि त्याने एक सीडी उलटी करून साहेबांपुढे धरली. मागे छापलेलं होतं, किंमत तीस रुपये.

रात्रभर त्याला बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी जामीन झाला. तेव्हापासून दुकानाला कुलूप आहे. कॉम्प्युटर पोलिसांकडे, म्हणजे इंटरनेटचं गिऱ्हाईकही बंद. दुकानमालकाने सांगितलंय की सोमवारी काय होतं ते पाहतो, नाहीतर गाळा दुसऱ्याला देतो. मालक वाईट माणूस नाही. पोलिसांची गाडी दारात उभी राहिली की शेजारचे ट्रान्सपोर्टवाले मालकालाच चार शब्द ऐकवतात, तो तरी काय करणार. त्याच्या बायकोला, सविताला, मी काल भेटले. तिने चहा केला, माझ्यासमोर ठेवला, आणि स्वतः उभीच राहिली. म्हणाली की पेठला गावाकडे निरोप गेलाय, किशोरला पोलिसांनी नेलं. कशासाठी नेलं हा भाग निरोपात नव्हता. आता सासरे येतो म्हणतात आणि त्यांना काय सांगायचं हे तिला कळत नाही. लोकांना फुकट गाणी वाटली म्हणून नेलं, असं सांगितलं तर ते म्हातारबाबा विश्वास ठेवतील का, असं तिने मला विचारलं.

त्या तीस रुपयांचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं आहे. तू इथे होतीस तेव्हा किशोर इंटरनेटवरून उतरवलेल्या परदेशी लोकांच्या धुनांच्या सीडी नुसत्याच द्यायचा, साध्या पांढऱ्या पाकिटात. लोक घ्यायचे, पण ऐकायचे नाहीत. कुणाला वाटायचं कंपनीची जाहिरात असेल, कुणाला वाटायचं कुठल्या तरी पंथाचा प्रचार आहे. तू गेल्यानंतरच्या थंडीत तो पिंपळगावला कुणाचा तरी कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेला होता. तिथे द्राक्षांच्या बागेत पाखरं हाकायला दोऱ्याने सीडी बांधल्या होत्या, सगळ्या चमकत गरगर फिरत होत्या. जवळ जाऊन पाहिलं तर त्यांवर त्याच्याच अक्षरात बनवणाऱ्यांची नावं. फिनलंडच्या एका माणसाची सीडी मण्यांवर लटकत होती आणि चिलीच्या एका बाईची वेलीच्या टोकाला. तो हे मला हसत हसत सांगत होता, पण त्याला ते लागलं होतं. परत आल्यावर त्याने कागदी कव्हरं छापून घेतली, पुढे चित्र, मागे बनवणाऱ्याचं नाव आणि खाली किंमत. मग गिऱ्हाइकाला म्हणायचा, तीसची आहे, तुम्ही फुकटच घ्या. आणि निकिता, लोक ऐकायला लागले. एक ट्रान्सपोर्टवाला परत येऊन म्हणाला की कसारा घाटात ती तिसरी धून बरी लागते, झोप येत नाही आणि डोकंही दुखत नाही. दुसरी आहे का? आपल्याकडे धार्मिक पुस्तिका फुकट वाटतात तेव्हा मागे ‘मूल्य : वाचन’ असं तरी छापतात. किशोरला ते सुचलं नाही. त्याने एकही सीडी विकलेली नाही, हे मी ज्यांनी ज्यांनी घेतल्या त्यांना विचारून पाहिलंय. पण छापील किंमत सगळ्यांना दिसते, आणि न घेतलेले पैसे दाखवायचे कसे?

तुला वाटेल, आत्या या वयात या भानगडीत कशी पडली. मी निवृत्त झाल्यावर ई-मेल शिकायला त्याच्याकडे जाऊ लागले, तेव्हा तू लग्न होऊन गेली होतीस आणि घर फार शांत झालं होतं. एकदा वीज येण्याजाण्यात कॉम्प्युटर अडला, तो चालू होईपर्यंत किशोरने माझ्या हातात त्याचा छोटा प्लेअर दिला आणि हेडफोन कानाला लावले. फिनलंडच्या त्या माणसाने गोठलेल्या तळ्यावर चालतानाचे आवाज घेऊन काही केलं होतं. मला पहिल्यांदा कंटाळा आला. त्यात शब्द नव्हते, म्हणून दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, आणि दुरुस्तीशिवाय एखाद्या गोष्टीपुढे बसायची मला सवयच नव्हती. मग माझ्या लक्षात आलं की तेच तेच चाललंय असं वाटत असताना ते बदललेलं असतं, आणि कुठे बदललं ते मागे जाऊन शोधलं तरी शिवण सापडत नाही. इतकं सफाईदार संपादन मी आमच्या ऑफिसात कधी पाहिलं नाही. चिलीच्या बाईने आईच्या शिलाई मशीनच्या आवाजांतून एक पूर्ण तबकडी केली आहे. ती मी पुन्हा पुन्हा ऐकली. यांचं पोट कशावर चालतं असं मी किशोरला विचारलं. तो म्हणाला, एक पोस्टात आहे, एक शाळेत शिकवते, बाकीच्यांचं माहीत नाही. प्रत्येकाच्या पानावर खाली लिहिलेलं असतं, घ्या, दुसऱ्याला द्या, बनवणाऱ्याचं नाव सांगा, विकू नका. बस. कुठल्या देशातली कोण माणसं, आपलं मन लावून केलेलं काम अशी दारात ठेवून निघून जातात. मला वाटतं आपल्याला याची सवय नाही, म्हणून आपण ते बागेत टांगतो किंवा जप्त करतो.

गेल्या पावसाळ्यात त्याने मला ‘दुपार’ नावाची सीडी दिली. इंग्रजी अक्षरात दुपार, बनवणाऱ्याचं नावही तेच, पत्ता नाही, चेहरा नाही. एका रविवारी जेवण झाल्यावर मी ती घरच्या प्लेअरवर लावली. थोड्या वेळाने लांबून एक खोल धप्प आवाज आला, मागोमाग बारीक किणकिण, थरथरत, हळूहळू विरत जाणारी. मी उठून स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं लष्कराच्या फायरिंग रेंजवर तोफा सुरू झाल्या आणि मांडणीतली ताटं हलताहेत. ताटं गप्प होती. रविवारी फायरिंग नसतंच. किणकिण बाहेरच्या खोलीतल्या प्लेअरमधून येत होती. मी परत येऊन खाली बसले. मग ती किणकिण घड्या घातल्यासारखी एकावर एक रचली गेली, तिच्याखालून पॅसेंजर गाडी गेली, आणि अगदी शेवटी कुणीतरी लांबून म्हणालं, ठेवू का, ठेवू का. पुढचे-मागचे शब्द कापलेले होते. पण ‘चहा ठेवू का’ असं विचारणारी बाई या घरात एकच आहे, मी. स्वतःचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मला वाटायचं माझा आवाज कोरडा आहे, ऑफिसातले सगळे तसंच म्हणायचे. तू त्यातून काय काढलंस.

हे तुला आजवर लिहिलं नाही, कारण तू सांगितलं नव्हतंस. आणि दुसरं खरं सांगायचं तर मी घाबरले. कॅम्पात राहून तोफांचा आवाज टिपायचा आणि साऱ्या जगाला वाटायचा, हे लष्कराच्या कुणाच्या कानावर गेलं तर काय म्हणतील, या विचाराने मला तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही. मग मीच माझी समजूत घातली की तोफ कुणाला ओळखू येणार, सगळ्यांना वाटेल ढोल आहे. तुझं लपवणं मला समजतं. तू कॉलेजात असताना दादाला एकदा काहीतरी ऐकवलं होतंस, आठवतं ना? तुझे वडील मन लावून ऐकत होते, म्हणजे तोंडावर तसं दाखवत होते, आणि थोड्या वेळाने म्हणाले, “निकू, कॅसेट अडकली का गं?” सगळे हसले. तूही हसलीस आणि ते बंद करून आत गेलीस. त्यानंतर तू घरात कुणाला काही ऐकवलं नाहीस. दादाच्या मनात काही नव्हतं, तो ट्रॅक्टरच्या आवाजात वाढलेला माणूस. पण लग्नाच्या बोलणीत तुझ्या सासूबाई साळूबाईंनी मुलगी काय काय करते असं विचारलं तेव्हा दादा म्हणाला कॉम्प्युटर आणि शिवण, आणि तू खाली बघत होतीस. त्यांनी पुढे विचारलं असतं, गाते का, कुठे शिकली, कार्यक्रम करते का, काय मिळतं. यातल्या एकाचंही उत्तर त्यांना पटण्यासारखं देता आलं नसतं.

तरी तू थांबली नाहीस, हेही मला माहीत आहे. दिवाळीनंतर ‘दुपार’चे दोन नवे तुकडे आले. किशोरने ते मला दिले. एकात कोरडं काहीतरी सळसळतं, खूप वेळ, मग त्यातूनच ताल निघतो. ती कांद्याची चाळ आहे. पात कापताना आणि प्रतवारी करताना सालं उडतात त्याचा तो आवाज आहे, मी शेतकऱ्याच्या घरात जन्मले आहे, मला कळतं. दुसऱ्यात लांब बाजार समितीच्या भोंग्यावर कुणी भाव पुकारतंय, शब्द कळत नाहीत, नुसता चढउतार. म्हणजे घरातले सगळे मार्केटला गेले की कांद्याच्या हिशेबाच्या त्या कॉम्प्युटरवर तू बसतेस. मला बरं वाटलं होतं. आता तेच आठवलं की भीती वाटते, कारण हे बंद पडलं तर त्याला कारण माझं पत्र असेल.

आता कायद्याचं. किशोरने परदेशातल्या सगळ्यांना मेल पाठवले. उत्तरं भराभर आली, फार चांगली आली. फिनलंडच्या माणसाने लिहिलंय की माझं संगीत नाशिकमध्ये ऐकलं जातं हे वाचून मी आईला फोन केला. चिलीच्या बाईने सही करून पत्र टाकलंय, पण ते तिकडून यायला महिना लागेल. रोशनीने ते मेल वाचले आणि बाजूला ठेवले. ती म्हणाली, कागदावरच्या नावांना कोर्ट प्रश्न विचारू शकत नाही. एक तरी बनवणारा माणूस समोर उभा राहून म्हणाला पाहिजे की हे माझं आहे आणि मी ते फुकट वाटायला दिलंय. एक खरा निघाला तर बाकीच्यांचं ऐकून घ्यायला जागा होते, आणि त्या छापील किमतीचाही खुलासा करता येतो. नाहीतर केस संपेपर्यंत माल पोलिसांकडे, आणि केस कधी संपेल ते तिच्याने सांगवत नाही. मी आडून विचारलं, बनवणाऱ्याला ओळखणारं कुणी चालेल का? ती म्हणाली नाही. हक्क ज्याचा त्यानेच बोलायला हवं. मी कुणाबद्दल विचारतेय ते तिला कळलं नाही. निदान मला तसं वाटतं.

परवा मी किशोरकडे गेले. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, या सीडींत एक ‘दुपार’ आहे, नाव तर आपल्याकडचं दिसतं, ती कुणाची ते शोधता येईल का? तो पोरीच्या दप्तराची चेन बसवत राहिला. मला वाटत होतं त्याला माहीत नाही. त्याला वाटत होतं मला माहीत नाही. लग्नाआधीच्या तुझ्या सगळ्या फाइली त्याच्याच दुकानातून इंटरनेटवर चढल्या होत्या हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. शेवटी तो म्हणाला, “माहीत हाय, मॅडम. पण ते नाव माझ्या तोंडून नाय निघायचं. तिने लग्नाच्या आधी शब्द घेतलाय. तिने फुकट दिलं, अन् मी तिला महागात पाडू?” सविता आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही. मला वाटलं होतं ती भांडेल.

तेव्हापासून मी हेडफोन कानाला लावलेला नाही. लावला की दारात कुणी आलेलं ऐकू येणार नाही अशी धास्ती वाटते. वाचायला घेतलं तर तीच ओळ पुन्हा. तुला फोन करणार होते, पण तुमचा फोन ओट्यावरच्या खोलीत, उचलणार सासूबाई, आणि मी काहीही बोलले तरी तुला हो-नाहीशिवाय उत्तर देता आलं नसतं. माझी तब्येत बिघडली असं कळवून तुला बोलावून घेता आलं असतं, तुझ्या अमोलरावांनी लगेच पाठवलंही असतं. ते मी करणार नाही. कारण तू आलीस तर ते लपून राहणार नाही. कोर्टात दिलेलं नाव कागदावर येतं, आणि असल्या केसची बातमी कुठल्या पानावर, किती मोठी लागते ते मी आयुष्यभर ठरवत आले आहे. दोन कॉलम तरी लागेल. सटाण्याच्या आवृत्तीत तर वर लागेल, तुझ्या सासरच्या आडनावासकट. तुझ्या दुपारी तुझ्या राहतील की नाही हे मला सांगता येत नाही. अमोलराव समजून घेतील असं मला वाटतं, पण वाटणं आणि खात्री यांतला फरक मी तुला शिकवायला नको.

म्हणून हे पत्र. शेजारच्या सरुबाई उद्या लेकीच्या बाळंतपणाला सटाण्याला निघाल्यात, पाकीट तुझ्याच हातात द्यायचं असं मी त्यांना सांगितलंय. मी लिहिलंय हे किशोरला माहीत नाही, रोशनीलाही नाही. तू ये असं मी म्हणत नाही, येऊ नकोस असंही म्हणवत नाही. पण त्याने तुझं नाव गिळलंय, आणि त्यासाठी त्याचं दुकान जातंय, हे तुला न कळता व्हायला नको होतं. तो सांगणार नाही, म्हणून मी सांगितलं. सोमवारी रोशनी कोर्ट उघडल्या उघडल्या अर्ज देईल आणि दुपारच्या आत पुकारा होईल. सटाण्याची सकाळची पहिली गाडी त्याच्या बऱ्याच आधी सीबीएस स्टँडवर येते. मी तिथे उभी असेन. तू उतरलीस तर रस्ता ओलांडला की कोर्टच आहे, आपण चालत जाऊ. उतरली नाहीस तर मी एकटीच रस्ता ओलांडेन, आणि मी कुणाची वाट पाहत होते हे कुणाला कळणार नाही.

सोमवारपर्यंत दाराकडे कान लावून बसलेली,
तुझीच
विमलआत्या